अंगठ्याला रजा

बिस्मिल्लाह म्हणून मी सांगते आणि शेजारच्या आनंदीबाई लिहितात, की मी सकीना मकबूल तांबोळी, वय एकाहत्तर, शिक्षण दुसरी (तीही अर्धी), राहणार बिबवेवाडी, पुणे, आज पूर्ण शुद्धीत आहे. सकाळी दोन ओनिगिरी, म्हणजे जपानी भाताचे त्रिकोणी मुटके, खाऊन बसले आहे. कुणी धाक घातलेला नाही. मला धाक घालणारा बिबवेवाडीत अजून राहायला आलेला नाही.

एक. घर आणि पोस्टातली ठेव. जावेद माझा एकुलता मुलगा, तेव्हा हे शरियतीप्रमाणे त्याच्याकडेच जाईल. वकीलसाहेब म्हणाले, वारसाला वसियतीत वेगळं काही लिहायचं नसतं. बाहेरच्यांना मात्र एक तृतीयांशापर्यंत देता येतं. नात बाहेरची धरतात म्हणे. मिसबा माझ्या मांडीवर वाढली, पण कायद्यात बाहेरची. असो, यात तिचा फायदाच आहे.

दोन. माझा कुंचला, शाई उगाळायचा दगड आणि उरलेला सगळा कागद नात मिसबा हिला. हे तिच्यामुळेच घरात आलं. हिंजवडीच्या नोकरीसाठी ती कर्वेनगरला जपानी शिकत होती. एका रविवारी म्हणाली, "दादी, चल, आज कुंचल्याने लिहायला शिकवणार आहेत." मी चहा मिळेल म्हणून गेले. चहा हिरवा निघाला, पालक उकडल्यासारखा. आता तोच दोन वेळा पिते, पण त्या दिवशी तोंड वाकडं केलं होतं ते खरं.

तिथल्या वल्लरी मॅडम म्हणाल्या, "आजी, आडवी एक रेघ म्हणजे एक. दोन रेघा म्हणजे दोन. तीन रेघा, तीन." मला वाटलं, ही भाषा आपल्याला झेपेल. चाराला मात्र चार रेघा नाहीत, तिथे जपान्यांनीही दगा दिला. पण मॅडमनी एक नियम सांगितला तो मनात बसला: रेघ पडली तशी पडली, पुन्हा गिरवायची नाही. आमच्या घरात तर चाळीस वर्षांपूर्वीची भांडणंही दर ईदला गिरवतात.

तीन. जाड बुडाचं पातेलं सून अफशीन हिला. मुटक्यांना इंद्रायणीच घ्यावा, तो चिकटतो. बासमती सुटा पडतो आणि मग अफशीन माझ्याकडे बघते. आत खिमा भरावा, पण कोरडा. शेवयांचा जपान्यांचा तो रस्सा पायाच्या सुपात करावा. त्यांच्या रीतीने दारूचा थेंबही आपल्या पातेल्यात पडू नये. त्या शेवया सुर्रकन आवाज करत ओढणं ही त्यांच्याकडे अदब आहे. माझे मालक मकबूल जेवताना असाच आवाज करायचे आणि मी जन्मभर टोकलं. त्यांची इथे लेखी माफी मागते.

चार. आनंदीबाईंना काही नाही. साक्षीदाराला काही देऊ नये म्हणतात. त्यांचा स्टीलचा डबा माझ्याकडे आहे, तो परत करावा. बाई रागावल्या आहेत आणि कारण वेगळंच आहे, ते त्यांच्याच हातून लिहून घेते. त्या शाळेत मास्तरीण होत्या. वीस वर्षं मला म्हणत होत्या, "सकीनाबी, या, अक्षरं गिरवू." मी कधी गेले नाही. जपानीला गेले तेव्हा म्हणाल्या, "मराठी म्हटलं की तुमचे गुडघे दुखायचे. जपानी म्हटल्यावर बरे उठलात!"

बाई, तोंड नंतर वाकडं करा, आधी लिहा. तुमच्यासमोर साठीत 'क' काढायची मला लाज वाटली. तिथे मिसबासकट सगळेच पहिलीत होते. म्हणून हात उघडला.

(हे आधी सांगायला काय झालं होतं? – आ.)

पाच. सहीबद्दल. आजवर प्रत्येक कागदावर माझा अंगठाच लागला. मालक माझा अंगठा शाईवर टेकवायचे आणि मग रॉकेलच्या फडक्याने पुसून द्यायचे. तेवढं बरं वाटायचं. पण एक दिवस मिसबाला विचारलं, या कुंचल्याने 'सकीना' येईल का? आली. नावाच्या डोक्यावरची रेघ म्हणजे त्यांचा 'एक'च. तो मला येतच होता. खाली अक्षरं टांगायची एवढंच उरलं.

आता जावेद म्हणतो, "अम्मी, बँकेत अंगठा, रेशनला अंगठा, मग इथेच सही कशाला? उद्या हेलपाटे मला." वकीलसाहेबही म्हणाले, "आजी, अंगठा सुरक्षित." असेल. मी एकाहत्तर वर्षं सुरक्षित राहून कंटाळले. कचेरीत यंत्रावर अंगठा ठेवा म्हणाले तर ठेवीन. या कागदावर सही होईल.

सहा. माझ्या ट्रंकेत तळाला एक प्रगतिपुस्तक आहे. जावेद चौथीत होता. त्याचे अब्बा सोलापूरला गेलेले. मी शाई शोधायला उठले, तर म्हणाला, "राहू दे अम्मी. अंगठा बघून पोरं हसतात." मग शाळेत पुस्तक हरवलं म्हणून सांगितलं आणि छड्या खाल्ल्या. मला ते गादीखाली सापडलं. मी कधी बोलले नाही.

बाई, थांबलात का? लिहा.

जावेद, वारसाला वेगळं काही द्यायचं नसतं, पण हे तुझंच आहे, परत करते. पालकाच्या सहीची जागा आता मी भरली आहे. रेघ गिरवलेली नाही. सही करताना गुणही पाहिले. गणितात सदतीस. त्याबद्दल वर भेटलास की बोलू. घाई करू नकोस.

एवढं सांगून संपवते. वाचून दाखवलं, बरोबर आहे. बाईंनी दोन ठिकाणी माझ्यापेक्षा चांगलं लिहिलंय, ते तसंच राहू द्यावं.

ठिकाण: बिबवेवाडी, पुणे
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५, रविवार

सही: सकीना
(कुंचल्याने, एकदाच)

साक्षीदार:
१. दत्तोबा शिळीमकर, तळमजला, इस्त्रीवाले. सही बघितली. शाई वाळेपर्यंत थांबलो.
२. आनंदी श्यामसुंदर खरे, निवृत्त शिक्षिका. सही माझ्यासमोर झाली. शेवटचा काना वाकडा आहे, त्याचा एक गुण कापला. दहापैकी नऊ.