ओल्या दोऱ्याचा आळ

प्रिय बुआफान ताई,

नदीकाठी लिंबू पिळून, मिरची कुटून खाल्लेल्या त्या कच्च्या मासळीचा, तिच्यातून यकृतात शिरलेल्या किड्यांचा हिशोब अखेर लागला. अर्धं यकृत, अख्खं पित्ताशय, कॅन्सर झालेली पित्तनळी आणि वर तुझा अबोला. पहिल्या तिन्ही गोष्टी डॉक्टरांनी भूल देऊन काढल्या. चौथी मात्र जागेपणी सोसतोय.

ताप उतरलाय. काल अख्खा व्हरांडा चालून आलो, शेजारच्या खाटेवरचे मास्तर बघतच राहिले. सायकलवर बर्फ विकून ट्रक उभे केलेला माणूस मी, आडवा पडून राहणार थोडाच! चिकट भाताला अजून बंदी आहे. पेज देतात, तीही इतकी पातळ की वाटीचा तळ दिसतो.

तू गेलीस त्या दिवशीचं मला सगळं ऐकू आलं होतं. तापात डोळे मिटले होते, कान नाही. ऑपरेशनआधी तू माझ्या मनगटावर पांढरा दोरा बांधलास, जीव अंग सोडून भटकू नये म्हणून. पुढे जखमेतून पू आला आणि मालै तुला म्हणाली, "दोरा ओला होता ताई, त्यातूनच आलंय हे." बायको माझी, पण घाबरली की तिच्या जिभेला ब्रेक नाही. तू म्हणालीस, "या हातांनी वाढवलाय त्याला, याच हातांनी मारीन होय?" आणि पिशवी उचलून बस धरलीस.

दोरा नर्स पिकुलनं काढला, पण कात्री लावली नाही. तीही आपल्याकडचीच, जिवाचा दोरा कापायचा नसतो हे जाणणारी. किती वेळ गाठ सोडवत बसली, वर मलाच दटावलं, "काका, हलू नका, तुमचा जीव माझ्या नखात अडकलाय."

परवा पडद्यापलीकडे मोठे डॉक्टर शिकाऊ पोरांना सांगत होते. पुवाचा रिपोर्ट आला होता. ऑपरेशनच्या आधी, कावीळ उतरावी म्हणून माझ्या पित्तनळीत प्लास्टिकची नळी घातली होती ना, तिच्यावर जंतूंनी घर केलं होतं. दवाखान्यातलेच जंतू, साध्या औषधाला न जुमानणारे. मी इकडूनच विचारलं, "म्हणजे हे तुमच्याकडूनच मिळाले?" डॉक्टर आत आले, स्टुलावर बसले आणि म्हणाले, "हो, बहुतेक आमच्याकडूनच. दोऱ्याचा काही संबंध नाही." उभा जन्म बाजारात गेला, पण असा सरळ बोलणारा दुकानदार पाहिला नाही. मालैला बोलावून त्यांच्याच तोंडून पुन्हा ऐकवलं. ती रडली. "ताईंना आता कुठल्या तोंडानं भेटू?" मी म्हटलं, "आहे त्याच."

शुक्रवारी घरी सोडताहेत. दारात सगळं गाव दोरे घेऊन उभं राहील, पण पहिली गाठ तुझ्या हातची हवी, म्हणून हे लिहायला बसलो. कोपरापर्यंत साबणानं हात धू आणि दोरा कोरडा आण. हे पिकुलचं फर्मान आहे, तुला एकटीला नाही, अख्ख्या गावाला. मालै माफी मागेल. तिला जरा ताटकळत ठेव, पण फार नको. आणि मुक्कामाच्या तयारीनं ये. व्हरांड्याची बढाई सोड, बाथरूमपर्यंत जायलाही मला अजून दोन माणसं लागतात.

तुझाच,
खाम्फान