भोंग्याविषयी तिघांच्या तोंडी एकच वाक्य

प्रति,
मा. प्राचार्य,
कला महाविद्यालय.

विषय : माझ्या माहितीपटाची प्रश्नावली कार्यालयातून फुटल्याबाबत चौकशी करणे.
संदर्भ : प्रश्नावली मंजूर केल्याचे आपले पत्र.

महोदय,

१. मी द्वितीय वर्ष इतिहासाची विद्यार्थिनी आहे. बेचाळीस वर्षांपूर्वी तलावाचा बांध फुटला, त्या दुपारी पाणीपुरवठा केंद्राचा भोंगा का वाजला नाही, यावर मी माझा पहिलाच माहितीपट करीत आहे. खालच्या वस्तीतली नऊ माणसे गेली व भोंगेवाल्यास बडतर्फ केले, एवढेच कागदोपत्री आहे. भोंगेवाला आज हयात नाही.

२. नियमानुसार प्रश्नावली लखोट्यात घालून कार्यालयात दिली. परत मिळाली तेव्हा लखोट्याची कड दोनदा चिकटवलेली होती. डिंक माझा नव्हता. मी खळ वापरते. तेव्हाच मनात पाल चुकचुकली.

३. त्यानंतर तीन मुलाखती झाल्या. निवृत्त पंपचालक म्हणाले, "तो न विचारता जागा सोडून गेला." निवृत्त फिटरकाका म्हणाले, "तो न विचारता जागा सोडून गेला." भोंगेवाल्याच्या पत्नी शिवणकाम करतात. त्या मावशीही तेच म्हणाल्या, फक्त "हे न विचारता" असे. आमच्या घरी काल कप कोणी फोडला, यावर चौघांच्या चार साक्षी होतात. इथे बेचाळीस वर्षांनी तिघांचे एकच वाक्य! कोणीतरी पढवल्याशिवाय हे होत नाही.

४. माझा संशय आवक-जावक लिपिकांवर आहे. ते रोज "झालं का गं शूटिंग?" असे विचारतात. एवढे प्रेम कशाला? शिवाय झेरॉक्सवाल्याने एका प्रतीऐवजी दोन काढल्या. पहिली पुसट आली म्हणतो. ती कुठे गेली, हे त्याला सांगता येत नाही.

५. मुलाखतींना माझे आजोबा सोबत होते. ते त्या वेळी केंद्रात त्याच पाळीचे मुकादम असल्याने ओळख त्यांनीच करून दिली. चौकशीत त्यांची साक्ष घ्यावी. ते खोटे बोलणार नाहीत.

(पहिल्या पानावर विभागप्रमुखांची सही-शिक्का झाला असल्याने वरील मजकूर बदलता येत नाही. पुढील मजकूर बुधवारी जोडला आहे.)

६. पुरावे काढावेत म्हणून सोमवारी चित्रफिती आवाज बंद करून पाहिल्या. उत्तर देण्याआधी पंपचालक माझ्याकडे नव्हे, कॅमेऱ्याच्या डावीकडे बघतात. फिटरकाका तर खुर्चीतून अर्धवट उठतात. मावशींनी मान वरच केलेली नाही. डावीकडे आजोबांची खुर्ची होती. मुकादमाच्या माणसांना प्रश्न विचारायला मी मुकादमालाच घेऊन गेले होते. माझ्या अकलेचे दिवाळे निघाले, हे मान्य करते.

७. काल मावशींकडे एकटी गेले. त्या म्हणाल्या, "तू एकटी कधी येतेस याचीच वाट बघत होते. मुकादमांनीच यांना स्वतःच्या घरी पाठवलं होतं, त्यांचा नळ गळत होता म्हणून. चौकशीत म्हणाले, मला ठाऊक नाही, तो न विचारता जागा सोडून गेला. महिन्याभराने हे शिलाई मशीन आणून दिलं. त्यांच्यासमोर, याच मशीनवर बसून, मी काय बोलणार गं?"

८. घरी आजोबांना विचारले. ते म्हणाले, "खरंय. मला तीन लेकरं होती. त्याला दोन होती." आजोबांच्या त्या तिघांतली माझी आई त्या वेळी पाच वर्षांची होती. मला आजोबांचा फार राग आला आहे. जेवायला मीच वाढले, पण त्यांच्याकडे बघवले नाही.

९. सबब चौकशीची मागणी मागे घेते. लिपिकांची माफी मागितली आहे. झेरॉक्सवाल्याचीही मागेन, पण ती पुसट प्रत त्याने आधी दाखवावी.

१०. नातेवाइकाची मुलाखत घेऊ नये, हा नियम माझ्यापुरता शिथिल करावा, ही विनंती. आजोबा शुक्रवारी मावशींच्या घरी कॅमेऱ्यासमोर बसायला तयार आहेत. प्रश्न मावशी विचारतील. त्यांचा एकच प्रश्न आहे आणि तो आधी कोणालाही सांगायला त्यांनी नकार दिला आहे, मलासुद्धा. त्यामुळे या वेळी प्रश्नावली पूर्वमंजुरीसाठी सादर करता येत नाही.

शुक्रवारच्या आत उत्तर मिळावे.

आपली नम्र विद्यार्थिनी,
द्वितीय वर्ष, इतिहास, हजेरी क्र. ४१
सोमवार ता. १२ / बुधवार ता. १४

सोबत : तीन चित्रफिती, मूळ लखोटा.