चाचणीपुरतं आईचं नाव

सोमवार, ३ नोव्हेंबर
वागळे इस्टेटमध्ये नवी नोकरी आणि चक्क खिडकीशेजारची जागा. शहाडहून निघताना आईने मेथीची भाजी-भाकरी दिलेली. शेजारच्या टेबलावरच्या भावनाताईंनी अर्धी संपवली, म्हणजे जमणार आमचं. काम मस्त आहे. सगळ्या क्लायंटचे पासवर्ड एका सर्व्हरमध्ये बंद असतात, त्याला इथे तिजोरी म्हणतात. तिला जोडायचं प्लगइन, मागेल त्याला ठरावीक मुदतीचा पासवर्ड देणारं, माझ्या जागेवरचा आधीचा मुलगा, संदेश, अर्धवट टाकून गेला. गेल्या महिन्यात वारला बिचारा, झोपेत. तिजोरी बंद पडली की उघडायला तीन तुकड्यांची किल्ली टाइप करावी लागते, प्रत्येक तुकडा एका चिठ्ठीवर लिहिलेला: एक तुकडा मालक परशुरामसरांकडे, एक भावनाताईंकडे, संदेशचा आता माझ्याकडे. ऑफिसच्या ग्रुपवरही घेतलं मला. ग्रुपचा फोटो दसऱ्याचा आहे: सर्व्हरला हळदकुंकू, झेंडू, किल्लीच्या चिठ्ठ्यासुद्धा ताटात पूजेला. कमाल आहेत लोक.

बुधवार, ५ नोव्हेंबर
प्लगइन बिल्ड झालं, म्हणजे फाइल तयार. फाइलचा ठसा तिजोरीत नोंदवावा लागतो; एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो आणि ती आत घेत नाही. माझं पहिल्या झटक्यात घेतलं, कॉलर टाइट. चाचणीला नाव हवं होतं. इथे सगळे घरच्यांची, मित्रांचीच टाकतात, मी आईचं टाकलं: सगुणा. मुदत सात दिवस, बारा तारीख, दुपारी तीन. संदेशच्या यादीत तो स्वतः आहे, भावनाताईही आहेत, त्यांची मुदत शुक्रवारी ४.१०. मुदतवाढीचा भाग लिहायचा राहिलाय.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
भावनाताई जिन्यात कोसळल्या. मी डोकं मांडीवर घेतलेलं. डॉक्टर म्हणाले, हार्ट, गेल्या. जागेवर आले तर स्क्रीनवर ओळ: भावना, मुदत संपली, रद्द. ४.१०.

सोमवार, १० नोव्हेंबर
संदेशची नोंद काढली. रद्द, १४ ऑक्टोबर, पहाटे. त्याच पहाटे गेला तो. योगायोग असेल, मी मूर्ख असेन, चालेल मला. पण आईचं नाव काढू कसं? नाव पुसणं म्हणजे मुदत आत्ताच संपवणं. मुदतवाढ लिहिली, पाचदा बिल्ड केली. पाचही वेळा नवा ठसा नोंदवला, तरी जुळत नाही म्हणते. सरांना सांगितलं तर म्हणाले, दोन दिवस सुट्टी घे गं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर
सर्व्हरची वायरच ओढली. तो परत चालू झाला, पण तिजोरी कुलूपबंद. कुलूपबंद असताना कोणाचीच मुदत संपत नाही. भावनाताईंचा तुकडा कुठे ठेवलाय, त्यांच्या घरीही माहीत नाही. माझा मी गॅसवर जाळला. आई विचारत होती, कसला वास येतोय.

बुधवार, १२ नोव्हेंबर
तीन वाजले. सव्वातीन. आई मटार सोलतेय. मी रडले, तिला कळेना का.

गुरुवार, १३ नोव्हेंबर
सरांचे अकरा फोन. क्लायंट ओरडतायत, तुला काढलं म्हणाले. काढा —

मुदत टळलेली नाही. संदेशने कोडमध्ये लिहिलेलं टिपण आत्ता वाचलं — तिजोरी उघडली की तुंबलेल्या सगळ्या मुदती एकदम —

उघडणार कशी, दोन तुकडेच नाहीत —

सरांचा मेसेज. तू येऊ नकोस म्हणे. त्यांनी ग्रुपवरचा दसऱ्याचा फोटो मोठा करून पाहिला, तिन्ही चिठ्ठ्या वाचता येतात. दोन टाकून झाल्या, तिसरी —

फोन उचलत नाहीत —

आई आतून हाक मारतेय, निशू, चहा —

कप पडल्याचा आवाज —