नेव्हिलचं बोट

२ ऑगस्ट, सकाळी ६.१०
नवव्या मजल्यावर थांबलो. दमलो म्हणून नव्हे. सॅकमध्ये सरावासाठी भरलेला तांदूळ एका बाजूला सरकला. लिफ्ट उघडीच होती, आलो खाली. चौदा ठरवले होते, नऊ झाले, म्हणजे झालेच. प्रेमा म्हणाली, गॅसचं सिलिंडर सरकवताना कंबर धरतोस, तू कसला सहा हजार मीटर चढतोस. बायकोला लडाखमधलं काय कळणार.

४ ऑगस्ट
सोसायटीचा फ्लेक्स छापून आला. ‘शिखरवीर खंडू गमरे यांचे हार्दिक अभिनंदन, १५ ऑगस्ट.’ चेअरमन नंदकुमारचा फोटो माझ्याहून मोठा. झेंडावंदनाला गेटवर लागणार. बोरीवलीत एवढा फ्लेक्स फक्त नगरसेवकाचा लागतो. आता मागे फिरणं नाही.
बी विंगचा नेव्हिल सोबत आहे. त्याची ही तिसरी खेप. दोनदा हवामानामुळे परतला. त्याच्या बायकोनं, ट्रिशानं सांगितलंय, ही शेवटची.

१२ ऑगस्ट, बेस कॅम्प
डोकं दुखतंय. चहा कमी पडला. जेवण गेलं नाही, डाळ कच्ची. गाइड त्सेवांग रोज बोटाला मशीन लावून ऑक्सिजन बघतो. सत्तरच्या खाली गेला की घोड्यावरून खाली. वाद नाही. माझा बहात्तर. म्हणजे दोन जास्तच.

१४ ऑगस्ट, दुपारी १२.३०
आज रात्री चढाई. बाहेर बर्फाचा वारा. त्सेवांगनं तंबूच्या फटीतून मशीन आत दिलं, दोघांचे आकडे सांगा म्हणाला. माझा चौसष्ट. मशीन खराब. नेव्हिल झोपला होता, हात स्लीपिंग बॅगच्या बाहेर. त्याच्या बोटाला लावलं. त्र्याऐंशी. मग माझा त्र्याऐंशी सांगितला. ऑफिसात वीस वर्षं शेजारच्या टेबलावरच्या शुभाची सही हजेरीच्या मस्टरवर मीच करायचो. कुणाचं काय बिघडलं?
त्सेवांगनं विचारलं, आणि नेव्हिलचा?
दोनच आकडे होते. उरलेला सांगितला.

१.१५
त्सेवांगनं नेव्हिलला उठवलं. खाली जा म्हणाला. नेव्हिल म्हणाला, अरे यार, मी ठणठणीत आहे, परत मोज. मी म्हणालो, मशीनवर शंका घेऊ नये. त्सेवांग म्हणाला, चारला घोडा निघेल, त्याआधी दोघांचं मोजू. तोवर सामान भर.

२.४०
नेव्हिल सामान भरतोय. त्याला परत जायची सवय आहे. मी बोटं चोळून गरम ठेवतोय. दीर्घ श्वास घेतला की खोकला येतो. शिखरावरून उतरल्यावर त्याला सगळं सांगेन. नक्की.

३.३०
नेव्हिलनं त्याचे जाड हातमोजे मला दिले. तू तरी जा रे, म्हणाला, आणि परत ये, नाहीतर नंदकुमार फ्लेक्सवर तुझ्या फोटोला हार घालेल. हसलो. बुटाची लेस बांधायला वाकलो. बांधता येईना. गाठ कशी मारतात? तीनदा प्रयत्न केला. लेस जुनी आहे. नेव्हिल बघत होता. खाली बसून त्यानं बांधली. मग मान वर न करता विचारलं, आकडे कुणी सांगितले, खंडू?
मी म्हणालो, वारा फार आहे.

१५ ऑगस्ट
काल चारला त्सेवांगनं स्वतः दोघांचं मोजलं; माझ्या बोटावर मशीन अजून खराबच. सकाळी सहा चाळीसला नेव्हिल शिखरावर पोचला. घोडेवाल्याच्या वॉकीटॉकीवर कळलं. रात्री वाटेत मुक्काम करून मी खालच्या वाटेवर, घोड्यावर होतो. बोरीवलीत तेव्हा गेटवर फ्लेक्स लागला असेल. लेस पुन्हा सुटली. घोडेवाल्यानं बांधली.