पाचरीचं टेबल

शिवाजी पेठ, कोल्हापूर
नोव्हेंबर २००४

प्रिय सोनम,

जयभीम. तू जयसिंगपूरला माहेरी गेल्यापासून घर फार टापटीप झालंय, आणि तुझ्या आत्तीला ते अजिबात सोसत नाही. तुझा दादा येऊन गेला. मिरजेच्या मास्तरांचं स्थळ आलंय, पण तू ‘मामा सांगतील तसं’ म्हणून बसलीस, एवढं सांगून चहा न पिताच गेला. त्याला उत्तर द्यायला मी उशीर लावला, कारण मी टेबल करत होतो.

तेच टेबल, जे माझ्या पोरानं, प्रसेनजीतनं, तुम्हा दोघांच्या संसारासाठी मांडलं होतं. सागवानी पाय आणि आडव्या पट्ट्या रंधून ठेवल्या, आणि त्याच आठवड्यात कागलच्या रस्त्यावरच्या अपघातानं त्याला नेलं. तेव्हापासून ते लाकूड खालच्या कारखान्यात भिंतीला टेकून उभं होतं. कोपरे कसे जोडायचे, यावरच आमचं अडलं होतं. माझं म्हणणं, पट्टीचं कुसू, म्हणजे टोकाला कोरलेली जीभ, पायाच्या आत लपवायचं, सरस लावायचा, वरून खुंटी मारायची, की जन्मात हलायचं नाही. त्याला कुसू पायातून आरपार बाहेर काढून त्यात पाचर हवी होती. पाचर काढली की टेबल सुटं. ‘आबा, उद्या घर बदललं तर?’ म्हणायचा. मी म्हणायचो, ‘घर कशाला बदलतोयस? हितं काय काटं टोचत्यात व्हय?’ तो दातातल्या दातात शीळ घालायचा आणि पटाशीला धार लावत बसायचा. फौंड्रीत ओतकामाचे लाकडी पॅटर्न करून करून हट्टी झाला होता.

सोनम, ती शीळ अजून येते. मी भुताखेतांना मानणारा माणूस नाही. पण दुपारी जेवून आडवा झालो की खालून रंधा चालल्याचा आवाज येतो. उतरून बघतो, तर कोणी नसतं, आणि कालचा भुसा तसाच पडलेला असतो. आत्तीलाही ऐकू येत असणार. परवा जिन्यातून ओरडली, ‘पर्सन्या, भाकरी निवली की रं!’ आणि मग ओशाळून ती भाकरी माझ्याच ताटात वाढली. मला भीती वाटत नाही, पण तो आवाज थांबेल की काय, याची वाटते.

टेबल करायला घेतलं तेव्हा आत्तीनं बजावलं, ‘पक्कं करा. टेबल हाय तर पोरगी माघारी यील.’ माझ्याही मनात तेच होतं, खोटं कशाला बोलू? तू ह्या घरातून गेलीस तर त्याला ‘अहो’ म्हणून हाक मारणारं माणूसच उरणार नाही, असं वाटायचं. मी पायावर आरपार न जाणाऱ्या, आंधळ्या भोकाची खूण केली, पटाशी टेकवली, आणि मागून शीळ आली. वळून बघितलं नाही. खूण मात्र पुसली आणि भोक आरपार पाडलं. एकाच पायात दोन्ही बाजूंनी पट्ट्या येतात, म्हणून एक कुसू वर घेतलं, दुसरं खाली, नाहीतर पाय पोकळ होतो. हेही त्यानंच मला सांगितलं होतं, मी ऐकलं नव्हतं.

परवा पाचरी ठोकून सांगाडा उभा केला. मी त्यावर चढून उभा राहिलो, तरी कुठं कुरकुरला नाही. आत्ती बराच वेळ पट्टीवरून हात फिरवत राहिली. मग पाचरी काढल्या. एकही कोपरा न चिरता सगळं सुटं झालं. आत्ती आत गेली आणि तुझ्या लग्नात नेसलेली स्वतःची साडी घेऊन आली. टेबलाचे पाय त्यात तिनंच गुंडाळले.

मास्तरांना हो म्हण. हे सांगायलाच पत्र लिहिलं. गठ्ठा घेऊन आकाराम टेम्पोवाला रविवारी येतोय. टेबलाचा वरचा फळा पाठवत नाही. मिरजेला गेल्यावर तो तिथं जेवायला बसणाऱ्या माणसांच्या मापानं करून घे. उन्हाळ्यात लाकूड आकसतं, पाचरी सैल होतात. तेव्हा लाकडी मोगरीनं हळू ठोकायच्या. ठोकताना मागं कुणी शीळ घातली तर घाबरू नकोस. त्याला तिकडं यायला मी मोकळं केलंय.

तुझाच,
मामा