सीटखालची निळी पट्टी

२७ एप्रिल

झाली! निळी, सलग, कुठे ठिपका नाही. केळीच्या खोडाच्या कागदावर पॉलिमरचा थर – इतके महिने सोलून निघायचा, आज चिकटून बसला. निळी असताना वीज जाऊ देत नाही. आम्ल लागलं की हिरवी होते, वीज वाहते आणि बझर वाजतो. एवढंच तिचं काम.

विभागप्रमुख हितेंद्र सर दारातूनच – "पट्टी झकास शे, मॅडम. पण हाई खोली आते कॉम्प्युटरवाल्यासनी शे." शिंदखेड्याचे. टोमणा मारायचा असला की अहिराणी आठवते. मग साध्या मराठीत : मेअखेर काही चालवून दाखवा, नाहीतर प्रयोगशाळेला कुलूप.

दाखवीन.

२९ एप्रिल

आवेजच्या ई-रिक्षात लावली. सीटखाली, बॅटऱ्यांच्या डोक्यावर. धाकटा भाऊ हक्काचा म्हणून नाही. जळगावच्या उन्हात दुपारी सवारी मिळत नाही, तेव्हा तो रिक्षा पुढच्या खोलीत घेऊन चार्जिंगला लावतो – आणि तिथेच अम्मीची खाट. बॅटरी फार तापली की आतलं आम्ल वाफेबरोबर बाहेर पडतं. वास सुटतो. अम्मीला करोनानंतर वासच येत नाही.

"बाहेर लाव ना रे."

"आपा, बाहेर चार्जर चोरीला जातो. अम्मीला कोण नेणार?"

अम्मीच जास्त हसली.

३ मे

वाजली. पट्टी हिरवी. बॅटऱ्या ठणठणीत.

६ मे

पट्टी बदलली, पुन्हा वाजली. आवेज वैतागलाय. "रडकी आहे तुझी पट्टी. पहूरच्या एक बाई विचारत होत्या, बॉम्ब आहे का. भाडं न देता उतरल्या."

सर म्हणाले, प्रयोग फसला असं लिहून द्या आणि मोकळ्या व्हा. नाही लिहिणार. खोटं मला बोलता येईल, पट्टीला येत नाही.

८ मे

लिंबू!

नजर लागू नये म्हणून अम्मीने ठेवलेलं. पुढे टांगलं तर पोरं तोडून नेतात, म्हणून सीटखाली. बरोब्बर पट्टीच्या वर. सीटवर माणसं बसली की पिचकायचं, रस थेंब थेंब पट्टीवर.

"नवी गाडी आहे बेटा. लोकांचे डोळे चांगले नसतात."

रागावणार होते. पण ती ओढणीच्या टोकाने पट्टी पुसायला लागली. जपून, लहान मुलाचं तोंड पुसावं तशी. राग कुठे गेला कळलं नाही.

९ मे

आवेजच्या तोंडून कॉलेजभर झालं. स्टाफरूममध्ये सर – "हाई तर सरबतनं यंत्र शे!" सगळे हसले. मीही हसले थोडी. मग म्हटलं, "सर, पट्टी म्हणाली आम्ल आहे. आम्ल होतं. तिचं चुकलं कुठे?"



१२ मे

नवी पट्टी, वर प्लास्टिकचं छप्पर. लिंबू आता हँडलला. गाठ अम्मीनेच मारली. "पोरांनी तोडलं तर दुसरं बांधीन."

१९ मे

निळी. रोज निळी.

सर : "आता तर वाजतच नाही. म्हणजे बिघडली."

वाजली तर खोटी, गप्प बसली तर बिघडली. हे मला ओळखीचं आहे. बोलले तर तोंडाळ, गप्प राहिले तर गर्विष्ठ – नात्यातल्या प्रत्येक लग्नात ऐकते. चाळिशी कधीच ओलांडली, अजून सवय झालेली नाही. होऊ देणार नाही.

२१ मे

सरांनी प्रयोगशाळेची चावी मागितली. मी दिली नाही.

२३ मे

दुपारी वाजली. मी घरीच होते. आवेज चिडून आला – "अम्मी, परत लिंबू?" सीट उचलली.

लिंबू नव्हतं. पट्टी हिरवीगार. एक बॅटरी कुशीला फुगलेली.

त्याने भिंतीतली पिन उपटली. अम्मी गाढ झोपेत. हाका मारत बसलो नाही. आम्ही दोघांनी तिला खाटेसकट उचलून अंगणात आणलं.