दाराच्या कडीवरील पिवळ्या फडक्याबाबत

प्रति,
मा. मुख्याधिकारी,
नगरपालिका कार्यालय, मुख्य इमारत, दुसरा मजला.

विषय : अतिक्रमण विभागातील कनिष्ठ लिपिक यांना दिलेला मेमो रद्द करून तो अर्जदाराच्या नावे लावण्याबाबत.

संदर्भ : १) घर क्र. १६ च्या पायऱ्या पाडण्याचा आदेश (अर्जदाराच्या सहीचा).
२) ‘सर्वाधिक शिस्तबद्ध विभाग’ हे प्रशस्तिपत्र (अर्जदाराच्या खुर्चीमागे आजवर टांगलेले).

महोदय,

अर्जदार गेली अकरा वर्षे अतिक्रमण विभागाचा अधीक्षक आहे. या विभागात टाचणी पडली तरी ऐकू येते, असे तपासणी पथकाने गेल्या वर्षी लिहून दिले आणि वर प्रशस्तिपत्र दिले. समोर बसणाऱ्याच्या नजरेत सतत राहावे, अशा बेताने अर्जदाराने ते टांगले होते. ती शांतता कशाची होती हे आता कळले असल्याने हा अर्ज सविनय सादर करण्यात येत आहे.

१. घर क्रमांक ६१ च्या पायऱ्या रस्त्यात येत होत्या. आदेशात मात्र क्रमांक १६ असा पडला व दुसऱ्या दिवशी सकाळी पथकाकडून १६ च्या पायऱ्या पाडण्यात आल्या. तेथे एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहतात. पायऱ्या पुन्हा बांधून होईपर्यंत नऊ दिवस त्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावरून चढउतार करत होत्या.

२. सदर चूक ‘वेळीच निदर्शनास आणून न दिल्याबद्दल’ कनिष्ठ लिपिकबाईंना अर्जदाराने मेमो दिला. त्यांचे उत्तर एका ओळीत आले : ‘चूक मान्य आहे.’ अर्जदाराला ते उत्तर फार आवडले. त्याच भरात त्यांच्या गोपनीय अहवालात ‘पुढाकाराचा अभाव’ असा शेराही मारण्यात आला. बाई नऊ वर्षे पदोन्नतीची वाट पाहत आहेत. पदोन्नती समिती येत्या शुक्रवारी बसणार आहे, आणि हा शेरा राहिला तर त्यांचे नाव यादीतून गळणार, हे उघड आहे.

३. आता फडक्याविषयी. गेल्या बुधवारी चष्मा पुसायला काही मिळेना, म्हणून अर्जदाराने दाराच्या कडीवर अडकवलेला पिवळा फडका काढून खिशात घातला. त्यानंतर काय झाले कोण जाणे, दिवसभर माणसे आत येऊ लागली! अकरा वर्षांत दाराच्या आत पाऊल न टाकलेला आरेखक हसत हसत नकाशा घेऊन आला. अर्जदार त्याच्यावर असा काही खेकसला, की बिचारा अर्जदाराकडे न बघता दाराच्या कडीकडेच बघत राहिला. त्याच्यामागून आणखी सहा जण आले आणि सहाही जण पडल्या चेहऱ्याने परत गेले. शेवटी शिपाईकाका धावत आले आणि कपाळावर हात मारून म्हणाले, “साहेब, फडका तुम्ही कशाला काढलात? सकाळपासून माणसं फसतायत!”

चौकशीअंती असे समजले की, कडीवर फडका म्हणजे साहेबांचा पारा चढलेला, आत जायचे नाही. फडका काकांच्या खांद्यावर असला की जायला हरकत नाही. बदलून आलेल्या नव्या माणसाला हजेरीपट दाखवण्याआधी फडका दाखवतात. ही पद्धत किती वर्षे चालू आहे असे विचारता काका म्हणाले, “तुम्ही आलात तेव्हापासून.”

४. त्यावर अर्जदाराने लिपिकबाईंना बोलावून घेतले. आदेश निघाला त्या दिवशी त्या दाराशी आल्या होत्या का, असे विचारले. “तीनदा आले होते, साहेब. फडका होता.” मग मेमोच्या उत्तरात तसे का लिहिले नाही? त्या म्हणाल्या, “फडका होता, असं कसं लिहायचं, साहेब?” तिसऱ्या खेपेला त्यांनी दाराबाहेरच्या ट्रेमध्ये चिठ्ठी ठेवली होती. ती फायलींच्या तळाशी जशीच्या तशी सापडली.

त्या दिवशी फडका का लागला होता, हेही काकांना पक्के आठवते. अर्जदाराच्या पेनाचे टोपण सापडत नव्हते. ते अर्जदाराच्याच खिशात होते.

५. हा मुद्दा कार्यालयीन नाही, पण लपवून काय करणार? रोज संध्याकाळी पाच वाजता घरून कार्यालयात फोन येतो. घरच्यांचा केवढा जीव आहे, म्हणून अर्जदार चारचौघांत मिरवत असे. तो फोन शिपाईकाकांना असतो. “आज फडका आहे का?” एवढेच सौभाग्यवती विचारतात. मुलीने सहलीची परवानगी मागायला यंदा चार दिवस वाट पाहिली, ती याच कारणाने. हे कळल्यावर अर्जदाराला जेवताना मान वर करवेना.

६. परिच्छेद १ मध्ये आकडा ‘पडला’ व पायऱ्या ‘पाडण्यात आल्या’ असे लिहिले गेले आहे. अकरा वर्षांची सवय, हात तसाच वळतो. ते वाक्य कृपया असे वाचावे : १६ हा आकडा मी माझ्या हाताने लिहिला. मी तो पुन्हा वाचला नाही. पायऱ्या मी पाडल्या. पुढाकार त्या बाईंनी तीनदा घेतला, आणि तिन्ही वेळा तो मीच दारातून परत पाठवला. मला याची मनापासून लाज वाटते.

तरी बाईंचा मेमो व शेरा शुक्रवारपूर्वी काढून दोन्ही माझ्या सेवापुस्तकात लावावेत आणि प्रशस्तिपत्र परत घ्यावे, ही विनंती. भिंतीवर त्या जागी चौकोनी डाग राहिला आहे, तो राहू द्यावा.

वास्तविक हे सारे समक्ष सांगायला हवे होते. त्यासाठी मी काल आणि आज मिळून तीन वेळा दुसऱ्या मजल्यावर आलो. आपल्या दालनाच्या कडीवर काही नाही. पण आपल्या शिपायाने तिन्ही वेळा माझ्याकडे पाहून नुसती भुवई वर केली. मी काय ते समजलो आणि निमूटपणे जिना उतरलो. खाली पोचल्यावर लक्षात आले, की बाईही तीनदाच आल्या होत्या.

म्हणून हा अर्ज ट्रेमध्ये ठेवत आहे. कृपया तो तळाशी जाऊ देऊ नये.

आपला, आणि या वेळी खरोखरच नम्र,

(सही)
अधीक्षक, अतिक्रमण विभाग
दि. १२ मार्च, मंगळवार

सोबत :
१) मेमो व त्याचे एका ओळीचे उत्तर.
२) ट्रेच्या तळाशी सापडलेली चिठ्ठी : ‘साहेब, ६१ की १६? कृपया एकदा पाहावे.’
३) प्रशस्तिपत्र, चौकटीसह.
४) फडका, पिवळा, नग एक. धुतलेला आहे. परत पाठवू नये.